बाबांची पॉलिसी, काकांचं नाव

“कमलाक्षी, ती हरकत मागे घे गो! नायतर चवथीक थोरल्या घरात पाय घालू नको,” गोकुळदासकाका आमच्या अंगणातून गरजले.

आई भाजीच्या जुड्या बांधत होती. तिने मानही वर केली नाही. मला मात्र असा संताप आला!

बाबा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचे. लग्नाआधी विमा काढला तेव्हा नॉमिनी म्हणून त्यांनी थोरल्या भावाचं नाव घातलं. आमच्याकडे तशीच रीत. घरपट्टी, वीजबिल, माड, सगळं थोरल्याच्या नावावर. पुढे आई आली, मी झाले, नाव काही बदललं नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा हप्ते आईनेच भरले, डिचोलीच्या बाजारात तांबडी भाजी विकून. फाल्गुनात बाबा गेले आणि काका म्हणतात, पैसे माझे! वा रे वा!

वकीलबाईंनी साफ सांगितलं, “नॉमिनी भाऊ नुसता पैसे हातात घेणारा. हक्क बायकोचा नि मुलीचा.” आईने त्याच दिवशी विमा कचेरीत हरकत घेतली. रक्कम अडली, म्हणून काकांची ही धमकी. आमच्या घराण्याचा गणपती एकच, थोरल्या घरात. तिथे जायचं नाही म्हणजे वाळीत पडणंच.

“आये, सोड तो गणपती,” मी म्हटलं.

“कित्या? पैसे पण सोडूचे नाय, गणपती पण सोडूचो नाय.”

चवथीच्या आदल्या दिवशी रानफळांची पाटी डोक्यावर घेऊन ती थोरल्या घरी निघाली. मी मागोमाग. काका दारात आडवे.

“खंय चल्लंय?”

“भावोजी, पॉलिसीर तुमचा नाव आसा. गणपतीक नॉमिनी कोणी लावलो?”

आतून मालतीकाकी फिसकन हसली. काका ओशाळले आणि आई त्यांच्या बाजूने आत गेली.

गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी माटोळीला फळं बांधणं हे पुरुषांचं काम. आमच्या घरात ते बाबांचं. आई पदर खोचून स्टुलावर चढली. विधवा बाई माटोळीला हात लावते म्हणून कुणीतरी पुटपुटलं.

“भावोजी, स्टूल हलता. धरा.”

काकांनी निमूट धरलं.

“आनी ती हरकत?” त्यांनी हळूच विचारलं.

“ती आसा थंयच आसा. घट्ट धरा.”

बाबा मारायचे तशी गाठ तिला जमेना. सुपारीचा घोस खाली आला. मी उचलून दिला, तिने पुन्हा बांधायला घेतला.