लेन बॅगलीने सोडलेला चेंडू

लेन बॅगली वेनशर काउंटीकडून एकोणीस वर्षं खेळला आणि त्यातली बहुतेक वर्षं त्याने चेंडू सोडण्यात घालवली. बाहेरचा चेंडू तो बॅट खांद्यावर घेऊन अशा अदबीने जाऊ द्यायचा, की गोलंदाजाला आपला सत्कार झाल्यासारखं वाटे. एकदा त्याने सोडलेल्या चेंडूने मधला स्टंप उडाला. तंबूत परतताना तो म्हणाला, "सोडला बरोबर होता. स्टंप भलत्याच जागी होता."

अशा माणसाला पुढे कोच केल्यावर तो काय शिकवणार? नेटमध्ये चेंडू आला की लेन मध्येच ओरडायचा, "मार!" जो मारेल त्याने मैदानाला पळत चक्कर मारायची. जो सोडेल त्याला लेनच्या बायकोच्या, डोरीनच्या, हातचा लेमन केक. चार वर्षांत वेनशरची पोरं गुटगुटीत झाली आणि संघ तक्त्याच्या तळाला जाऊन बसला.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी चेअरमन हम्फ्री ट्रॉटर यांनी त्याला बोलावलं. "बॅगली, हा सामना जिंकलास तर राहा. हरलास किंवा अनिर्णित ठेवलास, तर डोरीनला सांग, तुला आता घरीच सांभाळायचंय."

डोरीनने ते ऐकलं आणि ती म्हणाली, "लेन, तू रोज घरी बसणार असशील तर मी नोकरी शोधते."

म्हणजे दोन्हीकडून दारं बंद.

शेवटच्या दिवसाची शेवटची ओव्हर. वेनशरला जिंकायला एकशे बारा हव्या होत्या, नऊ बाद एकशे अकरा झाल्या होत्या. समोर अकराव्या नंबरचा काइल डोबी. लेनचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात वजनदार शिष्य.

आता स्कोअर एकशे अकरावर आला की तो बदलेपर्यंत एक पाय वर धरायचा, नाहीतर विकेट पडते, हे वेनशरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे ड्रेसिंगरूम एका पायावर. सभासदांच्या गच्चीवर गुडघे बदललेली आजोबामंडळी एकमेकांच्या कोटांना धरून एका पायावर. चेअरमन छत्रीच्या आधाराने एका पायावर. आणि गोलंदाजाच्या टोकाला पंच बर्ट स्नेल, चेहरा न्यायाधीशाचा, पाय बगळ्याचा.

डोबीने पहिला चेंडू सोडला. दुसराही सोडला. तिसरा, चौथा, पाचवा.

"अरे ठोंब्या, एक रन काढ!" दुसऱ्या टोकाहून कप्तान पेलिंग ओरडला. "नाहीतर बॅट तरी लाव, मी पळतो!"

"कोचनी सांगितलंय," डोबी शांतपणे म्हणाला.

बाल्कनीत लेनच्या पोटरीत गोळा आला होता. एकच चेंडू उरला होता. आयुष्यभर जपलेलं तत्त्व एकीकडे आणि डोरीनबरोबर घालवायचं उरलेलं आयुष्य दुसरीकडे. गोलंदाज धावत निघाला. लेनने कठड्याला घट्ट धरलं आणि जीव खाऊन बोंबलला, "मार!"

डोबीला हसू आलं. आता काय तो या परीक्षेत नापास होणार? त्याने झोकात बॅट खांद्यावर घेतली. चेंडू मधल्या स्टंपच्या टोकावरून, जेमतेम वर, यष्टीरक्षकाच्या हातात गेला.

पण त्या बोंबेने बर्ट स्नेल दचकला होता. त्याचा तोल गेला आणि पडू नये म्हणून त्याने दोन्ही हात आडवे पसरले.

गुणलेखकांना खिडकीतून दोन आडवे हात दिसले. वाइड. त्यांनी पंचाला पोच म्हणून रीतसर दिवा लावला. फळ्यावर एकशे बारा चढले आणि अख्ख्या गच्चीने सुस्कारा सोडून पाय खाली टेकले.

"वाइड?" पाहुण्यांचा कप्तान धावत आला. "बर्ट, अहो, स्टंपवरून गेला तो! तुम्ही पडत होतात!"

बर्टपुढे दोनच वाटा होत्या: वाइड दिला म्हणायचं, नाहीतर बत्तीस वर्षं पंचगिरी करून आपण एका पायावर उभे होतो हे कबूल करायचं.

"वाइड," बर्ट म्हणाला, आणि बेल्स खिशात घातल्या.

चेअरमन बाल्कनीत आले तेव्हा लेन पोटरी चोळत होता. ते कुजबुजले, "बॅगली, खरं सांग. वाइड होता तो?"

कुठला चेंडू किती बाहेर आहे हे साऱ्या इंग्लंडमध्ये लेनइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्याने प्रश्न नीट येऊ दिला, त्याची दिशा पाहिली, हातात नसलेली बॅट हळूच खांद्यावर नेली, आणि प्रश्न अदबीने मागे जाऊ दिला.

"चहा घेणार, साहेब?" तो म्हणाला. "केकपण आहे. पण डोबीचा झाल्यावर उरला तर."