जहाजी आकडे

"दादा, जरा बाजूला सरक ना," कुलदीप म्हणाला आणि प्रेमसिंगच्या डोक्यावरून हात नेऊन त्यानं खांबावर खडूनं आकडा लिहिला.

कळमनुरीत खाजा मियांचं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मागच्या गोदामात खोक्यांच्या थप्प्या. कोणतं खोकं कुठं, हे एकट्या प्रेमसिंगला ठाऊक. त्याचा धाकटा भाऊ कुलदीप मालवाहू जहाजावर खलाशी होता. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला, दुकानात चहाला बसला आणि जहाजावर मालाचे मोठाले डबे कसे शोधतात ते सांगू लागला. मियांनी त्याच्या हाती खडूच दिला.

"हे शटर म्हणजे जहाजाची नाळ, पुढचं टोक," कुलदीप सांगत होता. "तिथून मागं आडव्या ओळी, एक, तीन, पाच. ओळीतली मधली थप्पी शून्य. तिच्या उजवीकडं एक, तीन. डावीकडं दोन, चार. मग थर. जहाजाच्या पोटात खालून दोन, चार, सहा. डेकवर ब्याऐंशीपासून."

"ब्याऐंशी थर?" प्रेमसिंग हसला. "आभाळाला टेकवता का डबे?"

"न्हाई रे. आकडा ऐकताच कळावं, डबा वर आहे का पोटात. आपला माळा म्हणजे डेक."

"अन् मागच्या दारानं आलं तर? डावं-उजवं फिरंल की."

"कुठूनबी ये. तोंड नाळेकडं करून उभं राहायचं, बस."

खाजा मियांनी मांडीवर थाप मारली. "क्या बात! प्रेमसिंग, भाऊ लई हुशार निघाला तुझा. आता तुझ्या डोक्याला तकलीफ न्हाई."

तकलीफ! प्रेमसिंगला तो शब्द झोंबला. तांड्यावर कुलदीप आला की त्याच्या बाजेभोवती माणसं जमत, समुद्राचं पाणी खरंच खारं का म्हणून बाया विचारत. थोरल्याला कुणी काही विचारत नसे. त्याला विचारायचे ते दुकानात. "प्रेमसिंग, सील कुठंय?" तो लगेच उठायचा नाही. आधी डोळे बारीक करायचा. तेवढा वेळ गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं.

कुलदीप जहाजावर परत गेला. आकडे राहिले. हाका कमी झाल्या. मियांचा मुलगा साजीद कॉलेजातून आला की स्वतःच गोदामात शिरायचा आणि खोकं घेऊन बाहेर यायचा.

एका बाजाराच्या दिवशी प्रेमसिंग घरीच राहिला.

"काहून? अंग तर गरम न्हाई," त्याची बायको रूपाबाई त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली.

"दुखून राहिलं. सगळंच हाताला लागत असतं का?"

पण त्यानं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, गुंड्या लावल्या आणि दारात बसला. एरवी बाजाराच्या दिवशी तो नसला की दुपार व्हायच्या आत दुकानातून कुणीतरी धावत यायचं. दुपार टळली. रूपाबाई हंडा घेऊन हापशावर गेली.

तेव्हा साजीदची स्कूटर आली. प्रेमसिंग उठून उभाच राहिला.

"बसा ना चाचा! अब्बांनी केळी दिली. कसं आहे आता?"

"बरंय. आज लई अडलं असंल तुमचं."

"छे! गर्दी होती, पण कायबी अडलं न्हाई. तुमी चार दिवस आराम करा."

"ते जुन्या मोटारीचं बेअरिंग... कुणी मागितलं तर सापडायचं न्हाई तुला."

"मागितलं ना! पाच, तीन, ब्याऐंशी. माळ्यावर चढून मीच काढलं," साजीद खुशीत म्हणाला. "कुलदीपभाऊचा फोन आला तर सांगा."

प्रेमसिंगनं केळी उंबऱ्याच्या आत ठेवली.

"बराबर," तो म्हणाला. "तिथंच असतंय ते."

स्कूटर वळली. रूपाबाई हंडा घेऊन येईपर्यंत रस्त्यावर नुसती धूळ उरली होती.

"वाटेत गेलं ते दुकानातलं पोरगं ना? काहून आलं होतं?"

"बोलवायला," प्रेमसिंग म्हणाला.

"मग? जाता का?"

"उद्या येतो म्हणलं."

आणि तो दारातच उभा राहून सदऱ्याच्या गुंड्या काढू लागला.