हिरव्या पातळातली आई

"गेली, गेली! जमनीकडंच गेली!" राजूरच्या मठापुढं एकच गलका झाला. पोर कुणाला आई म्हणून बिलगते ते पाहायला आठ बाया ओळीनं मुक्या बसवलेल्या. त्यांत मी, सख्खी आई. आणि माझी पाच वर्षांची शीला धावत जाऊन बिलगली मठात राहणाऱ्या जमनीला!

उजेडबाबांनी चिमटा खणखणवला. "जन्म बदलला, नाळ नाही बदलली! जमनीची मेलेली लेक परत आली. पोरगी आजपासून मठात राहील!"

"मले माह्यी पोरगी भेटली वं!" जमनी रडत होती. माझ्या सासूबाईंनी हात जोडले. 'पोर आईला ओळखत नाही' म्हणून त्यांनीच आठ दिवस रोज शीलाला मठात आणलं होतं.

ते खरंच होतं. मी अंबाडा बदलला तरी शीला परक्यासारखी बघे. यवतमाळच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, नजर चोख. मग माझ्याच ध्यानात आलं. कुणाकुणाला सूर लक्षात राहत नाहीत, तसे हिला चेहरे राहत नाहीत. ती आवाज ओळखते, कपडे ओळखते. घरात शिरताना मी आधी बोलते, मग ती हसते. हे सांगायचं कुणाला? नवऱ्यालाही पटलं नव्हतं.

मी जमनीकडं पाहिलं. तिच्या अंगावर माझं हिरवं पातळ! सकाळी बाबांनीच 'माया उतरवायला' ते मागून घेतलं, मला मठातलं भगवं दिलं. साऱ्यांनी पाहिलं, पण चेहरे ओळखणाऱ्यांना पातळाचं काय?

मी उठले. "बाबा, आणखी एकदा. सासूबाई, माझं पातळ तुम्ही नेसा."

"मी? काहून?"

"नातीसाठी."

गर्दीनं 'होऊ द्या!' म्हणून जोर केला, तेव्हा आडोशाला पातळ बदललं. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन मुकाट बसल्या. शीलाला सोडलं. ती थेट त्यांच्या गळ्यात. "आई!"

मग गावातला मोहिउद्दीन मिस्त्री गर्दीतून ओरडला, "बाबा, हे तं तिची आजी हाय! अजून किती आया काढता?"

हशा पिकला. बाबा 'कलियुग, कलियुग' करत आत सटकले.

सासूबाईंनी माझा हात धरला. "सूनबाई, हिनं मलेही ओळखलं नाही?"

"आधी बोला तिच्याशी. ओळखेल."

जमनी तेवढी हसत नव्हती. तिची लेक आज दुसऱ्यांदा गेली. मी तिच्याजवळ बसले.

लोकहो, कारण ठाऊक नाही म्हणून कशालाही चमत्कार म्हणू नका. पोराला मागचा जन्म चिकटवण्याआधी चार दिवस पोराकडं नीट बघा. त्या बाबानं तेवढंच केलं होतं. माझ्या लेकीला त्यानं आमच्या घरच्यांपेक्षा नीट पाहिलं, आणि त्याचाच धंदा मांडला.