न जुळलेली सही

मार्लिस ग्रोबने त्या वसंतात गावोगाव फिरून हजारावर सह्या गोळा केल्या होत्या, पण डोक्यातून जात नव्हती ती एकच. तिच्या धाकट्या भावाची, लॉयलची.

वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने सक्तीच्या आरोग्य विम्याचा कायदा केला होता. ओहायोत तरी कुणावर विमा घ्यायची सक्ती होऊ नये, असं कलम राज्याच्या घटनेत घालायचं, आणि त्यासाठी आधी लोकांच्या सह्या हव्या होत्या. मार्लिसने या कामाला अक्षरशः वाहून घेतलं. सह्या पुरून उरल्या, कलम नोव्हेंबरच्या मतदानाला जाणार हे ठरलं, आणि ते ठरायच्या आधीच, मे महिन्यात, लॉयल गेला. मेंदूत गाठ होती.

तेव्हापासून तिला चैन नव्हतं. कुणाचंही दार वाजवलं की आतून लॉयलच येतोय असं वाटायचं. उजवा पाय जरासा घासत चालायचा तो शेवटी शेवटी. दार उघडून भलताच माणूस दिसला की तिला सुटल्यासारखं व्हायचं, आणि मग या सुटकेचीच लाज वाटायची.

जुलैत तिला कळलं की जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीने लॉयलची सही बाद केली आहे. मेलेल्या माणसाच्या शेवटच्या सहीला हे लोक खोटी म्हणणार? ती तडक कचेरीत गेली.

तिथे आर्डिथ पोल होती. चर्चच्या गायनात दोघी वीस वर्षं शेजारी उभ्या राहत आलेल्या. आर्डिथने वाद घातला नाही. लॉयलचं मतदार कार्ड आणि सह्यांचा कागद शेजारी शेजारी ठेवला.

कार्डावरची सही ठसठशीत होती, वेल्डिंग करणाऱ्या माणसाची. कागदावरची ओळीखाली घसरली होती. शेवटचं अक्षर तर नुसतीच ओढलेली रेघ, आणि बाजूला बाद केल्याची लाल खूण.

"मी खोटी म्हटलेलं नाही," आर्डिथ म्हणाली. "जुळत नाही, एवढंच लिहिलंय."

"माझ्यासमोर केली त्याने. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. लेंटच्या उपवासांतल्या शुक्रवारी, चर्चच्या मासळीच्या जेवणाला. तिथलं टेबल डुगडुगतं, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण त्याच्या वरची सही सरळ आहे. खालचीही."

मार्लिसने पाहिलं. वर पाद्रीबाबांची बहीण, खाली शाळेचा बसवाला. तेच टेबल, तोच पेन.

मग तो शुक्रवार तिच्यापुढे उभा राहिला. लॉयलने आधी खिशातून दुसराच एक कागद काढून दाखवला होता. कारखाना बंद पडल्यावर त्याचा विमा गेला होता, आणि आधीच आजारी असलेल्यांसाठी वॉशिंग्टनच्या त्याच नव्या कायद्याने काढलेल्या योजनेचा तो अर्ज होता. डॉक्टर डोक्याची तपासणी करून घ्या म्हणत होते. मार्लिस चारचौघांत हसली होती. "एका हाताने यावर सही करणार आणि दुसरा हात त्यांच्यापुढे पसरणार? ठरव बाबा एकदा काय ते." लॉयलही हसला, अर्ज चुरगळून जेवणाच्या रिकाम्या ताटलीत टाकला आणि पेन उचलला. पेन जागेवर राहीना, तेव्हा तिनेच दोन्ही हातांनी सह्यांच्या कागदाखालचा पुठ्ठा दाबून धरला होता.

टेबल हलत नव्हतं. ते तेव्हाही तिला माहीत होतं.

"यावर काही करता येतं का?" तिने विचारलं.

हात अधू असेल तर साक्षीदाराने तसं शपथेवर लिहून द्यायचं, मग बाद केल्याची खूण काढता येते, असं आर्डिथने सांगितलं. "पण कशाला, मार्लिस? सह्या भरपूर झाल्यात. या एकीने काही अडत नाही."

"त्याचं अडतंय," मार्लिस म्हणाली आणि तिने फॉर्म ओढून घेतला.

हात कापत होता, असं तिने लिहिलं. उजवा. खाली विचारलं होतं, ही बाब साक्षीदाराला केव्हापासून माहीत होती. कुणी तपासणारं नव्हतं, 'त्याच दिवशी' लिहिलं असतं तरी चाललं असतं. तिने लिहिलं, नाताळपासून. त्याच्या हातातून रश्शाचं भांडं पडलं तेव्हापासून.

आर्डिथने वाचलं, चष्मा काढला आणि परत वाचलं.

"म्हणजे अर्ज फेकला तेव्हा तुला दिसत होतं," ती म्हणाली. त्या शुक्रवारी तीही त्याच टेबलावर जेवायला होती.

"दिसत होतं."

आर्डिथने शिक्का मारला, लाल खूण खोडली आणि बाजूला स्वतःची आद्याक्षरं घातली. लॉयलची सही खरी ठरली आणि बाकीच्यांबरोबर मोजली गेली.