कमळची लाळ

माझी सासू पार्वती दर्याला घाबरत नाही आणि फौजदारालाही घाबरत नाही. मासळी बाजारात तिच्या टोपलीला हात लावून भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारा. पण घरात मात्र ती एका गोष्टीला घाबरायची, माझ्या कमळच्या लाळेला.

कमळ सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती. कशावर नजर लागली की तिथंच लागून राहायची आणि हनुवटीवरून लाळ गळायची. आमच्या वेसाव्याच्या गल्लीने परस्पर निकाल देऊन टाकला होता की पोरीचं जे काही आहे ते त्या लाळेतच आहे आणि ते दुसऱ्याला लागतं. कमळने चावलेल्या बोराकडे बघूनही बायका आपापली पोरं आत ओढायच्या. सासू नातीवर जीव टाकायची, तिला मांडीवर घेऊन निजवायची, पण तिची ताटली आणि पेला वेगळा. तिचं उष्टं चुकूनही कुणाच्या तोंडी जाऊ द्यायची नाही. यावरून मी पुष्कळ भांडले. भांडण झालं की आम्ही दोघी मुकाट्याने एकाच पाटाशी बसून कोळंबी सोलायचो, हेही खरं.

अंधेरीच्या इस्पितळात सुलक्षणाबाई म्हणून लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. कमळच्या आजाराला ऑटिझम म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही आणि त्यावर औषधही नाही, हेही सांगितलं. सासूने यातलं पहिलं मानलं नाही आणि दुसरं मी मानलं नाही. बाई तेव्हा अशा मुलांची लाळ तपासत होत्या. लाळेत जस्त, तांबं, मँगनीज असली खनिजं अगदी कणभर असतात. या मुलांमध्ये ती कमीजास्त असतात का, हे त्यांना बघायचं होतं.

मी तिथल्या तिथे ठरवलं की काहीतरी निघणारच. होडीत पाणी शिरलं तर आधी भोक शोधतात. भोक सापडलं की बुजवता येतं. सासूचं नेमकं उलटं होतं. काही निघालं तर गल्ली म्हणते तेच खरं ठरेल, म्हणून ती म्हसोबापासून एकवीरेपर्यंत सगळ्यांना नारळ बोलली.

बाईंनी बजावलं होतं की सकाळी पोरीच्या तोंडात काही जाता कामा नये, नुसत्या पाण्याने चूळ. आता कमळला चूळ भर म्हणणं आणि भिंतीला म्हणणं सारखंच. मी तिला बळेबळे पाणी पाजलं आणि साडी नेसायला आत गेले. इस्पितळात टेबलावरचा पंखा सुरू केला. कमळची नजर त्याच्या पात्यांवर लागली, लाळ गळू लागली, बाईंनी हनुवटीखाली प्लास्टिकची नळी धरली. इतक्या सहज कुठलंच काम त्या पोरीने आयुष्यात कुणाला करू दिलं नव्हतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. मँगनीज खूप जास्त होतं, तपासलेल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त. बाई जपून बोलत होत्या. पुन्हा बघू, मग ते मँगनीज उतरवायच्या औषधाचा विचार करू, म्हणाल्या. मी मात्र उडतच घरी आले आणि शेजारच्या द्रौपदीला सांगून बसले. द्रौपदीला सांगितलं म्हणजे दवंडीचा खर्च वाचला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की कमळच्या थुंकीत धातू निघाला. आमच्या ओट्यावर खेळणारी दोन पोरंही दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

सासू त्या दिवशी जेवली नाही. सकाळी चुलीपुढे बसून तिने सांगितलं, "त्या दिसा मी पोरीचं तोंड घासलं. करवंटीची राख नि मीठ लावून. डाक्टरकडं बाशा तोंडानं कशी नेवाची?"

मी साडी नेसत होते तेवढ्यात तिने ते उरकलं होतं. आमच्याकडे पाहुण्याकडे जाताना पोरांचं तोंड असंच घासतात, मग हा तर डॉक्टर. मला तिचा इतका राग आला की हातातली कळशी तिथंच आपटली. मग वाटलं, गप्प बसावं. सांगितलं तर औषध गेलं, भोक गेलं, सगळंच गेलं. दिवसभर तशीच बसले. पण राख काढायला पोरीला औषध पाजायचं, हे काही मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, राखेतही मँगनीज असतं एवढंच म्हणाल्या. पंखा पुन्हा लावला, नळी पुन्हा धरली. या खेपेला निकाल ऐकायला सासूही माझ्याबरोबर आली, जरीकाठी लुगडं नेसून.

"सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "इतर मुलांसारखीच आहे."

सात वर्षं हे शब्द ऐकण्यासाठी मी कुठे कुठे डोकं टेकलं होतं. शेवटी ऐकायला मिळाले ते लाळेबद्दल. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सासूने बाईंना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा.

बसथांब्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. सासूने एकच गोळा घेतला आणि कमळच्या हातात दिला. कमळने चोखला. नारंगी पाणी आणि लाळ एकत्र होऊन तिच्या कोपरापर्यंत गेली. रांगेत आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी उभ्या होत्या. सासूने त्यांच्याकडे नीट बघितलं, कमळच्या हातातून गोळा घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चोखला, घाई केली नाही. मग माझ्यापुढे धरला.

"खा गो," म्हणाली, "माझे नातीचं उष्टं हाय."

माझे डोळे अजून वाहत होते. मी गोळा घेतला, चोखला आणि कमळला परत दिला.