विटेचा शेक

दवाखान्यात जाताना माणूस पिशवीत काय घेतं? सुलक्षणानं लेकीचे रिपोर्ट घेतले आणि फडक्यात गुंडाळलेली वीट घेतली. हो, वीटच! "कळ आली तर चहावाल्याच्या स्टोव्हवर तापवून घेऊ," म्हणाली. अनुपमानं कपाळावर हात मारून घेतला. पण पाळी आली की पोरगी त्याच विटेला कवटाळून पडायची, मग बोलणार काय?

दारात नवरा, दत्ता, उभाच होता. "ही शेवटची डॉक्टरीण. हिच्या मशिनीतबी काय दिसलं न्हाई, तर कॉलेज बंद आन् लगीन. लगीन झालं की थांबतंय पोट दुखायचं." असं म्हणणाऱ्याचं पोट एकदा दुखायला हवं होतं!

वडगाव रासाईहून शिरूरची एस्टी. पुढं उसाचा ट्रॅक्टर रखडत चाललेला. खिडकीतून उसाचा वास आला आणि सुलक्षणा पाटसला, माहेरी जाऊन पोचली. तेव्हा घरचं गुऱ्हाळ होतं. आई बयाबाई चुलवाणाच्या, रस कढवायच्या भट्टीच्या, तोंडाशी वीट सरकवायची आणि तापली की फडक्यात बांधून आणून द्यायची. त्या दिवशी पोरींना कामाला सुट्टी. एका गोधडीत थोरली बहीण नकुशीअक्का आणि ती, मधे वीट, हातात गरम काकवीची वाटी. शेकून शेकून पोटावर जाळीसारखे काळपट डाग उठायचे. "माझा मोठा!" "चल गं, माझाच मोठा!" करत दोघी फिदीफिदी हसायच्या. काय सुखाचे दिवस होते ते! पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ मोडलं, आई गेली. वीट तेवढी सुलक्षणानं मागून घेतली.

आणि अक्का? मूल होईना म्हणून सासरच्यांनी तिला माघारी धाडलं. "दर महिन्याला लोळत पडती, नाटकी हाय," हा शिक्का वर. ती अजून पाटसलाच असते, भावाच्या घरी.

दवाखान्यात डायना मॅडमनी रिपोर्ट चाळले. सोनोग्राफी स्वच्छ. "घरात आणखी कुणाला असं दुखायचं?"

"छ्या! आमच्यात कुणाला काय आजार न्हाई." सुलक्षणानं ठसक्यात सांगितलं. खोटं नव्हती बोलत बिचारी. तिच्या माहेरी ते दुखणं आजारात धरलंच नव्हतं.

मॅडमनी अनुपमाला टेबलावर झोपवून तपासलं आणि थबकल्या. "हे डाग कसले?"

"विटेचे." सुलक्षणानं कौतुकानं वीट काढून दाखवली.

"बरीच जुनी दिसते. कुणाची?"

"माझ्या आईची."

"आईला कशाला लागायची?"

सुलक्षणानं हातातल्या विटेकडं पाहिलं. काकवीची वाटी डोळ्यांपुढून हलली आणि आईचं कण्हणं ऐकू आलं. अक्का गोधडीचं टोक दातात धरून पडायची, तेही आठवलं. हसणं तेवढं जपलं होतं बाईनं इतकी वर्षं.

"पोटावर ठेवायला," ती हळूच म्हणाली. "मग अक्काला. मग मला." आणि कुणी न सांगताच तिनं पदर बाजूला केला. तिच्या पोटावरही तीच जाळी होती.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, हा आजार आहे. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखंच अस्तर बाहेर वाढतं आणि पाळीत फार दुखतं. सोनोग्राफीत दर वेळी दिसत नाही, पण आई-मावशीला असेल तर मुलीलाही असू शकतो. हिला बहुतेक तोच आहे. गोळ्या सुरू करू, लागलंच तर दुर्बिणीतून बघू."

"अक्काला मूल न्हाई झालं..."

"त्यामागंही हेच असू शकतं."

बाहेर येऊन तिनं आधी दत्ताला फोन लावला. "अहो, कॉलेज बंद व्हायचं न्हाई. पोरगी आजारी हाय तुमची, औषध चालू झालंय. लगनाचं नाव काढाल तर बघा!" आणि तिनं फोन ठेवून दिला.

मग पाटसला. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"अक्का? हायेस का?"

"हाय. म्हंजी सुले... मी खरंच नाटकं करत न्हवते ना गं?"