खोक्यांवरचा संसार

दोन वर्षं जी बाई "परत चला, परत चला" म्हणून घर डोक्यावर घेत होती, तिला नवरा एकदाचा "बरं, जाऊ या" म्हणाला, आणि बाईचा पाय निघेना. आता काय म्हणावं अशा बाईला? आमच्या एलिझाबेथ गावात ही गोष्ट अजून सांगतात, मेव्हिस हेपवर्थच्या देखतसुद्धा. ती हसते आणि म्हणते, सांगा, सांगा, मीच तोंडाने ओढवून घेतलं होतं.

मेव्हिस, तिचा नवरा स्टॅन आणि मुलगी लिन अशी तिघं इंग्लंडातल्या बार्न्सलीहून पासष्ट सालच्या फेब्रुवारीत साउथ ऑस्ट्रेलियात उतरली. सरकारच्या स्वस्त तिकिटाच्या योजनेतून येणाऱ्याला दोन वर्षं राहावंच लागायचं. मेव्हिसने बंदरावरच बजावलं, "दोन वर्षं. वर एक दिवस नाही." आणि त्या शब्दाला धरून ती वागलीही. बोटीतून सामान ज्या चहाच्या लाकडी खोक्यांतून आलं, ती चार खोकी तिने मोडू दिली नाहीत. दोन एकाला एक लावून वर चादर घातली, ते जेवणाचं टेबल. उरलेल्या दोहोंवर बसायचं. स्टॅन म्हणाला, एखादं बरं टेबल घेऊ. "टेबल कशाला?" ती म्हणाली. "टेबल घेतलं की माणूस राहतो."

आणि तोंडाचा पट्टा तर काय विचारता! माश्या वाईट, ऊन वाईट, पाव म्हणजे कापूस, चहा म्हणजे पाणी. नाताळला घाम पुसत बदक खायचं म्हणजे देवाची थट्टाच. आमच्या गल्लीत सगळेच इंग्लंडातून आलेले, सगळेच थोडंफार रडायचे, पण मेव्हिसपुढे सगळ्यांनी हात टेकले. नवी कुणी आली की समोरच्या ओळीतली बेरिल सांगायची, "रडायचं असेल तर मेव्हिसकडे जा, ती शिकवते."

स्टॅन बापडा सगळं गिळून बसायचा. त्याला परसात द्राक्षाचा वेल लावायचा होता, लावला नाही. मोटारींच्या कारखान्यात दोनदा त्याला फोरमन करतो म्हणून विचारलं, दोन्ही वेळा हा "आम्ही परत जाणार आहोत" म्हणून मान खाली घालून आला.

दोन वर्षं झाली. मंगळवारी संध्याकाळी स्टॅनने बोटीच्या कचेरीतला फॉर्म आणून चादरीवर ठेवला. "तू जिंकलीस, मेव्हिस. सहा आठवड्यांनी बोट आहे, तीन जागा आहेत. सोमवारी सकाळी सही करून द्यायचा."

"अरे वा," मेव्हिस म्हणाली. एवढंच. स्टॅनला वाटलं, आनंदाने बोलती बंद झाली.

रात्रीची भांडी विसळताना तिने स्वतःला विचारलं, अगं, मग उड्या का मारत नाहीस? उड्या मारायला पाय उचलेनात. ते पाय तिने बघितले तर अनवाणी होते, आणि तिला आठवेना आपण घरात बूट घालायचं कधी सोडलं ते. बार्न्सलीत धुतलेली चादर वाळेपर्यंत काजळीने करडी व्हायची, इथे अर्ध्या तासात खडखडीत आणि पांढरी. छातीतला खोकला, जो दर ऑक्टोबरला यायचा आणि मेपर्यंत मुक्काम ठोकायचा, तो दोन हिवाळ्यांत फिरकला नव्हता. आणि गेल्या आठवड्यात शाळेच्या उपाहारगृहात, जिथे ती पोरांना डबे भरून द्यायची, तिथे नव्याने आलेली एक बाई उन्हाच्या नावाने बोटं मोडायला लागली, तर मेव्हिसच्या तोंडून गेलं, "थोडा धीर धर की गं! होते सवय!" तेव्हा ती स्वतःच दचकली होती.

पण आता बोलायचं कुठल्या तोंडाने? ज्या माणसाने दोन वर्षं टोमणे ऐकले, वेल लावला नाही, फोरमनची जागा सोडली, त्याला सांगायचं की थट्टा केली रे? आणि स्टॅनचं एक वेळ असू दे, तिकडे आई होती. दर गुरुवारी आईचं निळं पत्र यायचं. खोली झाडून ठेवलीय, पडदे धुतलेत, तुझा पलंग तसाच आहे, कधी येतेस? पलंगाचा डावा पाय डुगडुगायचा, मेव्हिसने लहानपणी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. त्या पुठ्ठ्याच्या आठवणीने ती पहिल्या वर्षी किती तरी वेळा रडली होती, आणि रडून झालं की ते सगळं आईला लिहून पाठवलं होतं.

बुधवारी तिने आईला तार केली आणि शनिवारचा फोन नोंदवला. स्टॅनला सांगितलं, आईला बोटीची तारीख कळवते. मनात मात्र वेगळंच होतं. आई आपल्यासाठी झुरत असेल तर आवाजातच कळेल. झुरत असेल तर निमूट सही करायची आणि इथलं सगळं विसरायचं. आपल्यापायी त्या म्हातारीने का झुरावं?

गल्लीत फोन एकट्या बेरिलकडे, कारण तिचा नवरा अॅम्ब्युलन्स चालवायचा. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, मेव्हिस तिच्या बैठकीत बसली. स्टॅन आत स्वयंपाकघरात चहा घेत होता. बेरिल घड्याळ हातात धरून उभी, का तर तीन मिनिटं झाली की लाइन कापतात. आईकडे कसला फोन? ती हॅरोप खाटकाच्या दुकानात येऊन थांबणार होती.

घंटी वाजली. ऑपरेटर म्हणाली, बोला.

"मेव्हिस! तू आहेस का?" समुद्र ओलांडायचा म्हणजे ओरडलंच पाहिजे असं आईला वाटत होतं.

"मीच, आई."

"काय?"

"मीच म्हटलं!"

"तीच आहे!" आई मागे वळून म्हणाली, आणि तिकडे बायकांचा गलका उठला. शनिवारची रांग. सबंध गल्ली मटण घ्यायला आलेली.

"दुकानात कोण कोण आहे गं?"

"सगळ्या आहेत. बर्फ पडलाय. मिसेस डायसन विचारतेय, तिकडे फार उकडतं का?"

"आई, तीनच मिनिटं आहेत!"

"मग बोल ना तू! मी काय मिनिटं धरून ठेवलीत?"

बेरिलने एक बोट वर केलं. एक मिनिट संपलं. मेव्हिसने डोळे मिटले. "आई, बोटीत जागा मिळाल्यात. सहा आठवड्यांनी निघतोय. तिघंही."

पलीकडे खाटकाचा सुरा लाकडावर पडल्याचा आवाज आला, ठक्.

"तिघंही," आई म्हणाली. "बरं."

हे 'बरं' मेव्हिसच्या चांगलंच ओळखीचं होतं. ब्रॅडफर्डची आत्या पंधरा दिवस राहायला येतेय असं कळलं की आई हेच 'बरं' म्हणायची आणि मग आत जाऊन भांडी आपटायची.

"आई, माझी खोली रिकामी आहे ना?"

"आहे की. म्हणजे, होईल. विल्फला सांगावं लागेल."

"विल्फ कोण?"

दुकानात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "सांग की एथेल! किती दिवस झाकशील?"

"गप्प बसा गं मेल्यांनो!" आई म्हणाली, आणि मग फोनमध्ये, जरा हळू, "भाडेकरू ठेवलाय. गेल्या उन्हाळ्यापासून. बस चालवतो. बायको वारली बिचाऱ्याची. सज्जन आहे, मेव्हिस. कोळसा आत आणून देतो."

"आणि शनिवारी नाचायलाही नेतो!" हा खुद्द हॅरोप खाटीक.

"गेल्या उन्हाळ्यापासून?" मेव्हिस किंचाळलीच. "आणि मला दर पत्रात खोली झाडून ठेवलीय म्हणून लिहितेस?"

"मग काय लिहू? तू दर पत्रात रडतेस! पोटची पोर पृथ्वीच्या त्या टोकाला बसून रडतेय, तिला काय लिहू, इथे जागा नाही म्हणून? तू ये. मी विल्फला सांगते. तो जाईल बहिणीकडे." आणि इथे आईचा आवाज खाली आला, अगदी बारीक झाला. झुरणं झुरणं म्हणतात ते हेच होतं, फक्त ते मेव्हिससाठी नव्हतं.

बेरिलने दोन बोटं वर केली.

"आई, मला यायचं नाहीये!"

"काय?"

"मला यायचं नाही!" आता मेव्हिसही समुद्रापलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोराने ओरडली. "मला इथंच राहायचंय! नक्की! मी रडले ते रडले, आता नाही रडत!"

"सुटले गं बाई!" आई म्हणाली.

हे तिच्या तोंडून असं काही निसटलं की रांगेतल्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या. मग तिची तीच चपापली. "म्हणजे तसं नव्हे हं, मेव्हिस..."

"कळलं, आई."

"तू आली असतीस तर मी दारात उभी राहिले असते, एवढं मात्र..."

आणि लाइन कापली.

मेव्हिसचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. 'सुटले' हे थोडं झोंबलंही, खोटं कशाला सांगा. बेरिल घड्याळ छातीशी धरून तशीच उभी होती. ती मेव्हिसच्या मागे बघत होती. मेव्हिस वळली. स्वयंपाकघराच्या दारात स्टॅन उभा होता.

"इथंच राहायचंय," तो म्हणाला. "कधीपासून?"

"मला माहीत नाही रे. मंगळवारी कळलं. तू फॉर्म टेबलावर ठेवलास ना, तेव्हा."

"ते टेबल नाहीये, मेव्हिस. ते खोकं आहे."

कप बेरिलच्या हातात देऊन तो निघून गेला. मेव्हिस मागोमाग. सहा घरांचं अंतर, आणि गल्लीतले सगळे ओसरीवर वारा खात बसलेले. तो पुढे, ही अनवाणी मागे, आणि कुणी हाक मारायची हिंमत केली नाही. घरी येऊन स्टॅन थेट परसातल्या कोठीत शिरला आणि हातोडा घेऊन बाहेर आला. मेव्हिस दारातच थबकली. पंधरा वर्षांच्या संसारात या माणसाने आवाज चढवलेला तिने ऐकला नव्हता.

त्याने चादर ओढून काढली, फॉर्म जमिनीवर उडाला, आणि पहिल्या खोक्यावर हातोडा घातला. मग दुसऱ्यावर. फळ्या फुटल्या, कडेची पत्र्याची पट्टी वाकून वर आली, तळाशी राहिलेली चहाची भुकटी हवेत उडाली. तिसरं खोकं. चौथ्याशी तो थांबला आणि त्यावरच मटकन बसला. खांदे हलत होते. मेव्हिस धावली, बघते तर हा हसत होता, आणि डोळ्यांना धार.

"पहिल्याच वर्षी वेल लावणार होतो मी," तो म्हणाला.

"लाव ना."

"आत्तापर्यंत द्राक्षं लागली असती."

"लागली असती. माझ्या जिभेपायी नाही लागली." ती त्याच्यासमोर फळ्यांतच बसली. "चुकले मी, स्टॅन. फार चुकले. फोरमनचं सोमवारी विचारशील?"

"आता नाही म्हणतील."

"म्हणाले तर रोज मला टोमणा मार."

"मला कुठे टोमणे मारता येतात?"

"मी शिकवते की!"

एवढ्यात ओल्या केसांची लिन तलावावरून पोहून आली. अकरा वर्षांची पोर, मंगळवारपासून तोंडातून अवाक्षर नाही. आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. फळ्यांचा ढीग बघून ती दारात खिळली. "टेबल कुठंय?"

"टेबल घेणार आहोत आपण," मेव्हिस म्हणाली. "खरंखुरं. चार पायांचं."

"म्हणजे जायचं नाही?"

"नाही."

लिनने टॉवेल तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. मेव्हिसने तिला जवळ घेतलं आणि मनातल्या मनात स्वतःला दोन थोबाडीत मारून घेतल्या. त्या संध्याकाळी तिघं मागच्या पायरीवर ताटल्या मांडीवर घेऊन जेवली. माश्या होत्याच. मेव्हिस त्यांच्याबद्दल काही बोलणार होती, पण स्टॅनने नुसतं बघितलं, आणि तिने घास तोंडात घातला.

गुरुवारी आईचं निळं पत्र आलं. फोनच्या आधी टाकलेलं. खोली झाडून ठेवलीय, पडदे धुतलेत, तुझा पलंग तसाच आहे, कधी येतेस? मेव्हिसने ते नव्या टेबलाशी बसून दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा तिला कळलं की घरात दुसरा माणूस नांदत असतानाही आई आठ महिने हे लिहीत राहिली, तेही बोळवण म्हणून नव्हे, तर लेकीला जायला जागा असावी म्हणून. मग तिने पेन घेतलं आणि उत्तर लिहिलं. वेल लावला, लिन पोहण्यात पहिली आली, स्टॅनला फोरमनचं थांबा म्हणालेत पण नाही म्हटलेलं नाही. माश्यांचा उल्लेख एकदाच.

शेवटी तिने लिहिलं, "विल्फना सांग, पलंगाचा डावा पाय डुगडुगतो. त्याखाली मी पुठ्ठा घातलाय तो काढू नका म्हणावं, झाडताना तेवढं सांभाळा."